पाटीवरचा पाचवा फोटो

नातीच्या विशेष शाळेतल्या बाई कोणत्याच पोराले हात धरून बसवत नाहीत. वर्गात चार कोपरे आहेत: पाण्याचा, मण्यांचा, दुकानाचा, निजायचा. पाटीवर त्यांचे फोटो टांगले आहेत. घंटी वाजली की पोरगं एक फोटो काढते अन् त्या कोपऱ्यात जाते. तोवर बाई ओढणीचं टोक बोटाले गुंडाळत गप उभ्या राहतात. मी दुसरी नापास. मले हे आधी नखरेच वाटले.

नात बोलत नाही, माझ्याकडे पाहतही नाही. मी रोज दारात उभा राहतो हे पाहून बाईंनी पाचवा फोटो टांगला, माझा. तो काढला तर तिनं माझ्यापाशी येऊन बसायचं. महिना झाला, ती पाण्याचाच काढते.

काल मी म्हटलं, "बाई, एकदा तिचा हात माझ्या फोटोवर ठेवून द्या ना."

"मग ते मी निवडलेलं होईल, आबाजी."

"म्हाताऱ्याले काहून तरसवून राहिल्या?"

"मीही वाटच पाहून राहिली."

आज नातीनं माझा फोटो काढला. उलटून पाहिला, वास घेतला, परत टांगला अन् पाण्याकडे गेली.

बाई हळूच म्हणाल्या, "हातात तर घेतलं ना तुम्हाले."

शाळा सुटायले अजून दोन घंट्या वाजायच्या होत्या. मी दारातून हललो नाही.