तेलाचं मूळ गाव

दापोडीहून निगडीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये दोन वर्षं एक वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारी बसत. ते कुठल्याशा प्रयोगशाळेत खनिज तेल तपासायचे, पण स्वतःचे केस कायम कोरडे. डोक्याचं तेल बोटांना लागून नमुन्यात उतरलं, तर सगळी तपासणी वाया जाते म्हणे. एकदा कंडक्टरनं त्यांच्या पिशवीतली काचेची बाटली पाहून विचारलं, "घासलेट न्हाई ना, राव?" तेव्हाही त्यांनी ती रुमालानं धरूनच दाखवली.

त्या दिवसांत मी चिंचवडला खोली शोधत होतो. एका घरमालकानं आधी गाव विचारलं, मग आडनाव. आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यावर खोली कालच दिली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी उगाच चिडून विचारलं, "त्या तेलात एवढं शोधता तरी काय?"

"ते आलं कुठून, ते. जिथं सापडतं तिथलं ते नसतंच. लांबच्या खडकात, जुन्या शेवाळापासून तयार होतं आणि वाट मिळेल तसं सरकत येतं. त्या शेवाळाची खूण मात्र त्यात राहते."

"म्हणजे तेलालाही मूळ गाव विचारता!"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तेलालाच विचारतो. त्याला त्रास होत नाही."

खरंच, दोन वर्षांत त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनावही नाही. मग मीही विचारलं नाही. त्यामुळे आज त्यांच्यावर लिहायला बसलोय, तर त्यांचं नाव मला ठाऊक नाही.