बोंबलांच्या शेजारी अकरा महिने

आमच्या कॅरॅव्हॅनचा एकूण प्रवास पस्तीसेक किलोमीटरचा झाला. बोरिवलीहून निघाली, मनोरीला पोचली आणि तिथेच राहिली. तरीही हे प्रवासवर्णनच आहे, कारण त्या गाडीत आम्ही अकरा महिने काढले आणि तेवढ्यात बरेच लांब जाऊन आलो.

कल्पना अनिलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. जन्मभर कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनियर होता. निवृत्त झाल्यावर त्याने शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन वर्षं खपून तिचं घर केलं. आतून सगळीकडे पाइनच्या फळ्या, एक पलंग, दोन शेगड्या, टपावर सोलर पॅनेल. ‘विद्यार्थ्यांनी हात खिडकीबाहेर काढू नये’ ही ओळ तेवढी त्याने पुसली नाही. गाडीत राहण्याचा नियम एकच होता: आत मासळी आणायची नाही. लाकूड वास धरतं. आम्ही दोघंही मासे खाणारे, त्यामुळे हा साधा त्याग नव्हता.

त्याचं म्हणणं असं, की फ्लॅट अकरा महिन्यांसाठी भाड्याने द्यावा, सगळे ऋतू निसर्गाजवळ साधेपणाने काढावेत, आणि जमलं तर मग कायमचंच चाकांवर राहावं. मी तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. ज्याची शेवटची तारीख ठरलेली आहे, ते मी काहीही करू शकते. म्हटलं, “अकरा महिने येते. कायमचं काय ते तेव्हा बघू.”

जागा शोधायला जूनच्या अखेरीस मार्व्याच्या जेटीवरून फेरीबोटीने मनोरीला गेलो. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, तिकीट वडापावपेक्षा स्वस्त, आणि दुचाकीसुद्धा चढते. किनाऱ्याजवळ पार्वतीमावशींची जागा होती. मासळीच्या धंद्यात चाळीस वर्षं गेलेली ही कोळीण कोणाकडेही खरेदी करायला आल्यासारखी बघते. हिरवंगार गवत, मागे माड, पुढे समुद्र. मधे बांबूच्या खांबांच्या रांगा होत्या आणि त्यांतल्या दोनांवर करटुल्याचा वेल चढला होता. हे खांब वेलांसाठीच असणार, हे अनिलने परस्पर ठरवलं. आम्ही विचारलं नाही.

“नारली पुनवेपर्यंत जागा मोकलीच हाय,” मावशी म्हणाल्या. “ऱ्हावा.”

आम्हाला वाटलं, आदरातिथ्य आहे.

फेरीबोटीत मिनीबस चढत नाही. म्हणून जुलैच्या पहिल्या तारखेला दहिसर चेकनाका, काशिमीरा, भाईंदर, उत्तन, गोराई असा वळसा घालून मनोरीला पोचलो. अडीच तास लागले. समोरासमोरची दोन गावं, मधे खाडी. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी डबा सोबत ठेवावा. उत्तनपर्यंत भूक लागते.

पावसाळा छान गेला. रोज सकाळी दार उघडून अनिल छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, “काय हवा आहे.” पॅनेलवर एक मोबाइल जेमतेम चार्ज व्हायचा, कपडे तीन-तीन दिवस ओले राहायचे, आणि एकदा माझ्या चपलेत खेकडा निघाला. पाणी मावशींच्या विहिरीचं, अंघोळ त्यांच्या मोरीत. आमचा साधेपणा बराचसा त्यांच्या घरावर चालला होता. गाडी हळूहळू जमिनीत बसत होती, पण ती गवतामुळे तशी दिसते असं अनिलचं मत पडलं.

नारळी पौर्णिमेला मावशी नारळीभात घेऊन आल्या आणि पातेलं खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, “मंग? गाडी कवा हलवनार?”

“का हो?” अनिलने विचारलं.

“कां म्हंजे? होड्या सुटल्या. बोंबील कुठं सुकवू?”

बांबूंचा खुलासा असा झाला. दोन खांबांमध्ये दोर ताणायचे, त्यावर बोंबील घालायचे, तीन-चार दिवस उन्हात वाळवायचे. याला वलांडी म्हणतात. आम्ही मनोरीतली सगळ्यात सुंदर जागा निवडली नव्हती. मासळी वाळवायच्या अंगणात, अगदी मधोमध, सुट्टीच्या महिन्यांत येऊन बसलो होतो.

गाडी सुरू होईना. मालाडहून मेकॅनिक हत्यारांची पिशवी घेऊन बोटीने आला. त्याने बॉनेट उघडून आत टॉर्च मारला.

“काका, आत घूस राहून गेलीय. वायरिंगची पार वाट लागलीय. आणि चाकं बघितली का?”

“क्रेनने निघेल ना?”

“निघेल ना. पण क्रेन इथे रुतली, तर तिला काढायला दुसरी क्रेन लागेल.”

आमच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू, करार मे अखेरपर्यंत. मावशींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टपाच्या कडेला लोखंडी कड्या होत्या, त्यातली एक ओढून बघितली.

“ऱ्हावू दे. दोर गाडीलाच बांदू. दोन बांबू वाचतील.”

“मावशी, रंग खरवडेल,” अनिल म्हणाला.

“रंग कवा दिला?”

“मार्चमध्ये.”

“मंग सुकला असंल.”

आणि मग अट घातली. मावशी मासळी घेऊन बाजारात जायच्या, मुलगा होडीवर, सून नोकरीला. आम्ही घरातच असतो, तर कावळ्या-मांजरांपासून माल राखायचा. हेच भाडं.

ऑक्टोबरपासून आमच्या खिडकीबाहेर बोंबील लटकू लागले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरावर टाकायची असते. मावशींच्या हातून मिनिटाला किती जोड्या जातात हे बघत बसण्यासारखं आहे. मला पहिल्या सकाळी सात जमल्या, त्यातल्या चार वाऱ्याने पडल्या. होड्या भरती-ओहोटीप्रमाणे येतात, म्हणून कामाची वेळ रोज पाऊण-एक तासाने सरकते. मी दारामागे वेळापत्रक लावलं. माल कधी आला, कधी टांगला, कधी उतरवायचा. डेस्कवरसुद्धा हेच केलं होतं, फक्त तिथला शिळा माल लगेच ओळखू यायचा नाही.

अनिलची मात्र परवड झाली. तो खिडक्या लावून उदबत्त्या पेटवायचा. कावळे चोरलेला बोंबील नेमका सोलर पॅनेलवर बसून खायचे, त्यामुळे ऊन असूनही वीज नाही. सकाळी दार उघडल्यावर तो आता हवेबद्दल काही बोलत नव्हता.

मुलुंडहून आमचे एक मित्र सहकुटुंब आले. पाच मिनिटं आत बसल्यावर म्हणाले, “गाडी झकास आहे रे. बाहेर बसूया का?” बाहेर दोन मिनिटं बसल्यावर त्यांच्या बायकोने विचारलं, “आतच बरं होतं ना?”

थंडी हा या सहलीतला सगळ्यात चांगला भाग. तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. सकाळी पाण्यावर कुरव पक्षी असतात, ओहोटीला किनाऱ्यावरून लांबपर्यंत चालता येतं, अंगावर शाल लागते. मुंबईत राहून शाल लागणं हाच एक प्रवास आहे. मासळी ताजी मिळते. आम्ही ती गाडीपासून वीस पावलांवर, चुलीवर करायचो, कारण नियम.

जानेवारीत मावशींच्या भाचीचं मढला लग्न होतं. हळदीच्या दिवशी निम्मी आळी तिकडे गेली. जाताना मावशी म्हणाल्या, “बाय, पावसाल्याची बेगमी हाय ही. सांबाल.” आठ रांगा बोंबील होते, जवळजवळ वाळलेले. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा घर याच सुक्या मासळीवर चालतं.

दुपारी तीनला ऊन गेलं. जानेवारीत ढग येत नाहीत, असं अनिल म्हणाला. हे तो ढगांकडे बघत म्हणाला.

मावशींना फोन लावला, तर पलीकडे बँजो. “मावशी, ढग आलेत,” मी ओरडले. “हां हां, जेवलो,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला. घराला कुलूप, किल्ली सुनेच्या पर्समध्ये, सून हळदीला. वाळत आलेला बोंबील भिजला की काळा पडतो, मग तो कोणी घेत नाही. आठ रांगा आणि झाकायला एक ताडपत्री, तीही फाटकी. मी रांगा उतरवत सुटले. मिठीत मावतील तेवढे घ्यायचे, ताडपत्रीवर ठेवायचे, परत यायचं. चौथ्या रांगेला पहिला थेंब मनगटावर पडला.

अनिल गाडीच्या दारात उभा होता. एक हात दारावर, एक हात पाइनच्या फळीवर. ती फळी त्याने दोन वर्षं घासली होती, तिसऱ्या पॉलिशच्या वेळी तर तो नातवाच्या वाढदिवसालाही आला नव्हता. मी मिठीभर बोंबील घेऊन समोर उभी राहिले. मागितलं काही नाही. मागितलं असतं तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

तो बाजूला झाला. “पलंगावर आधी चादर टाक,” म्हणाला. मग माझ्या हातातले बोंबील घेऊन, “राहू दे चादर.”

पुढची वीस मिनिटं आम्ही नुसते आत-बाहेर धावत होतो. पलंगावर बोंबील, ओट्यावर बोंबील, सिंकमध्ये, पुस्तकांच्या फळीवर, ड्रायव्हरच्या सीटवर. शेवटची रांग आत आली आणि पाऊस धो धो लागला. बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही दाराच्या पायरीवर उभे राहिलो. अनिलच्या कानावर बोंबलाची शेपटी चिकटली होती.

“हात खिडकीबाहेर काढू नये,” तो म्हणाला.

मावशी संध्याकाळी हळदीने पिवळ्या होऊन धावत आल्या. मोकळे दोर बघितले, तशा मधेच थांबल्या. मग मी गाडीचं दार उघडलं. त्यांनी आत वाकून बघितलं, एक बोंबील उचलून बोटाने दाबला, वास घेतला आणि खाली पायरीवर बसल्या.

“साहेब, तुमचा नियम?”

“शिजवायचे नाहीत असा नियम होता, मावशी. ठेवायचे नाहीत असं कुठे म्हटलं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या शेगडीवर, आमच्याच गाडीत, सुक्या बोंबलाची चटणी केली. अनिलने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

वास अर्थातच गेला नाही. अनिलने लिंबू, सोडा, कापूर, कॉफी, सगळं घासून पाहिलं. मावशी ते बघून म्हणाल्या, “कशाला धुतंस? गाडीला गावाची सवय झालीय.” फेब्रुवारीपासून त्या टपावर जवळाही, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, पसरू लागल्या. छप्पर चांगलं तापतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एप्रिल-मेमध्ये आम्हालाही ते पटलं. दुपारी आत बसणं अशक्य होतं. आम्ही माडाखाली बाज टाकून राहिलो.

तिथेच एका दुपारी अनिल म्हणाला, “सुमा, मला घरी जावंसं वाटतंय. पण ही विकवत नाही गं.”

“आणि घेणार कोण?” मी म्हटलं. खरं तर मला वाईट वाटलं. दिवस मोजायचे म्हणून मी कॅलेंडर आणलं होतं, आणि त्यावर नोव्हेंबरनंतर एकही खूण नव्हती.

तोडगा मावशींनीच काढला. पावसाळ्यात सुका माल ठेवायला कोरडी जागा मिळत नाही, आणि पाइनच्या फळ्यांची, न गळणारी खोली अख्ख्या मनोरीत एकच. गाडी तिथेच राहील. पलंगाची समुद्राकडची बाजू, रविवारी येऊ तेव्हा, आमची, बाकी बोंबलांचं.

भाडेकरू आठवडाभर आधी गेला, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोन पिशव्या घेऊन फेरीबोटीने परतलो. तुम्हाला असा बेत करायचा असेल, तर गाडीतले बदल आधी आरटीओकडे नोंदवा, मच्छरदाणी घ्या, आणि मोकळी जागा दिसली तर ती वर्षभर मोकळी असते का, हे विचारा.

काय उरलं, तर कपाटातल्या कपड्यांना वास आहे आणि लिफ्टमध्ये शेजारी जरा लांब उभे राहतात. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत कावळा बसला की माझा हात वर जातो. परवा, परतल्याच्या चौथ्या दिवशी, मी चहा घेऊन गॅलरीत आले, तर अनिल आधीच तिथे उभा, पश्चिमेकडे बघत. खाडीपलीकडे काळं झालं होतं. त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला.

“मावशी, तुमच्याकडे ढग दिसतायत.”

“मना दिसतंत. कवाच माल आत टाकला.”

“सगळा मावला?”

“मावला. तुमच्या बाजूला पन ठेवलाय. ह्या रविवारी नका येव.”

अनिलने फोन ठेवला, आणि बऱ्याच महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला.