अखजीचा बंद रस्ता

मामा गेल्याचा निरोप त्यांच्याच भाजीच्या बंडीसोबत आला. बंडीवाला म्हणाला, "मेथी उतरवून घ्या… मामा पहाटे गेले." मेथी आदल्या संध्याकाळी त्यांनीच उपटली होती. त्याला आता दीड महिना झाला.

सदाशिवमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. कारंज्याला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे त्यांचा विहिरीचा मळा. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला, हे मी मिरवतोच. पण कॉलेजला निघालो तेव्हा मूर्तिजापूरच्या गाडीत माझ्या मांडीवर वांग्यांची थैली ठेवून "मेसवाल्याले सांग, देठं फेकू नोको" असं बजावणारे मामाच होते. परत आलो, म्युनिसिपल कमिटीवर निवडून आलो, आणि पहिलं भांडण झालं ते त्यांच्याशीच.

त्या उन्हाळ्यात जिनिंगजवळच्या कडब्याच्या गंजी पेटल्या. मळ्याला वळसा घालून पाण्याची गाडी पोचेपर्यंत दोन घरंही जळाली. मळ्यातून सरळ वाट असती तर ती वाचली असती. मी ठराव मांडला, की कमिटीनं मळ्यातली वाटेपुरती पट्टी ताब्यात घ्यावी. मामा सभेला आले, बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"बीए साहेब, कमिटीनं चोर पाहावा, आग पाहावी. माह्या वावरात कायले शिरून राह्यली?"

"आग पाह्यालेच शिरतो, मामा."

"मंग मले इचारलं काहून नाही? मी का नाही म्हनलो असतो?"

"तुमी नसते म्हनले. दुसरा नाही म्हनन. सारेच मामा नसतात."

"त्याच्या दारी जाऊन बस. चारदा जा. आज आगीसाठी वाट घेसान, उद्या म्हनसान, वांगी नोको, कोबी लाव!"

सभा हसली. मला हसू आलं नाही. आग लागल्यावर कोणाच्या दारी बसायला वेळ नसतो, असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. ठराव पुढच्या सभेवर गेला. ती सभा भरायच्या आत मामांनी आपल्या हातानं कुंपण तोडलं, वांग्याचे दोन वाफे मोडले आणि गाडी जाईल एवढी वाट करून दिली. कागद मात्र दिला नाही. आणि दरवर्षी अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एक दिवस त्या वाटेवर बोराटीची काटेरी फांदी आडवी टाकून शेजारी बसून राहायचे. ऐन आगीच्या दिवसांत! मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "आग लागली तं काटी लगेच उचलीन. पन उचलीन मी."

मामा गेल्यावर पंधरा दिवसांत एक सभासद मला म्हणाले, "आता मामीचा अंगठा घ्या अन् वाट कमिटीच्या नावावर करून टाका. तुमचं ऐकतील त्या." ऐकलं असतं. मी पुढं केलेल्या कुठल्याही कागदावर मामी अंगठा देईल… म्हणूनच तो कागद माझ्या हातून लिहून झाला नाही.

परवा अखजी झाली. सकाळीच मळ्यात गेलो, तर मामी एकटीच बोराटी ओढत होती. मला पाहून थांबली.

"बापू, कमिटीतून आला का घरातून?"

"घरातून, मामी."

"मंग धर तिकून."

दोघांनी मिळून बोराटी वाटेवर आडवी टाकली. मामी घरात गेली. मी दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून होतो, जिनिंगच्या पत्र्यांकडे पाहत, कुठं धूर दिसतो का म्हणून.