खांद्यावरची चिठ्ठी

आईचं शिक्षण चौथीत थांबलं, पण शब्दांची हौस काही थांबली नाही. ती लाँड्रीत इस्त्री करायची. एक गिऱ्हाईक कपड्यांच्या पिशवीत जाडजूड शब्दकोश विसरून गेलं आणि परत फिरकलंच नाही. वर्षभर वाट बघून मालकानं तो आईला देऊन टाकला, कारण दुसरं कुणी घेईना.

तेव्हापासून आमच्या घरी रोज सकाळी एक शब्द निघायचा. आईचं लिहिणं मुंगीच्या पावलानं चालायचं, म्हणून चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे. लाँड्रीत कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचतात ना, तसल्याच कोऱ्या चिठ्ठीवर मी शब्द आणि अर्थ लिहायचे. आई ती डाव्या खांद्यावर टाचणीनं लावायची. दुकान बंद व्हायच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलताना तो शब्द वापरायचा, हा तिचा नियम. तिसरं माणूस मिळालं नाही तर ती वाटेत भाजीवालीला गाठायची. भाजीवाली बिचारी हो हो म्हणायची आणि चार मिरच्या जास्त घालायची.

मला नोकरी लागली आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्या साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत एक किस्सा सांगितला. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत म्हणे एक बाई आहे. कोटावरचा डाग पाहून म्हणाली, ‘साहेब, हा डाग फार दुराग्रही आहे.’ सगळे पोट धरून हसले. तो शब्द सोमवारी मीच लिहून दिला होता. वाक्यात काडीचीही चूक नव्हती, उलट फर्मास होतं. तरी मीही हसले. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच हसले.

पुढे साहेबांना चटकच लागली. ते तिला शब्दबाई म्हणायचे आणि एकेक शर्ट घेऊन मुद्दाम जायचे. इकडे आई घरी सांगायची, एक मोठे साहेब येतात, माझ्या शब्दांची फार कदर करतात. हे साहेब माझेच, हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही काम करायचो त्या इमारतीत कितीतरी ऑफिसं होती आणि तिनं माझं कधी पाहिलं नव्हतं. मला सांगता आलं असतं. आईला सांगता आलं असतं की तो माणूस तुला हसतो, किंवा साहेबांना, की ती माझी आई आहे. मी मूठ झाकलेलीच ठेवली. सकाळी शब्द लिहून द्यायचे आणि दुपारी त्याच शब्दाला हसायचे.

एका शनिवारी लाँड्रीत फार गर्दी होती. आईनं साहेबांच्या करड्या कोटाची घडी केली आणि घाईत नंबराची चिठ्ठी स्वतःच्या खांद्यावर, शब्दाची चिठ्ठी कोटाला टाचली. कोट आमच्या ऑफिसात आला. साहेबांनी चिठ्ठी काढून सगळ्यांना वाचून दाखवली, ‘कृतकृत्य. म्हणजे जन्माचं सार्थक झालेला.’ हशा पिकला. मग ते चिठ्ठीकडे बघतच राहिले आणि मला म्हणाले, “हे अक्षर तुमच्यासारखं वाटतंय हो.”

मी म्हणाले, “असतं सारखं कुणाकुणाचं.”

तेवढ्यात दारात आई. खांद्यावर नंबर पाहून तिला वाटलं, कोटांची अदलाबदल झाली. दुकानात करडे कोट दोन होते. मालकाच्या वहीतला पत्ता विचारत ती तीन जिने धावत चढली होती. घामानं डबडबलेली, बोटांना इस्त्रीचे जुने चटके. तिनं मला पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला की आता हाक मारणारच.

मी मान खाली घालून फाइल उघडली.

हाक आली नाही. आईनं कोट उलटून आतला शाईचा नंबर खांद्यावरच्या चिठ्ठीशी पडताळला, कोट साहेबांचाच होता. साहेब मजेत म्हणाले, “शब्दबाई, ही चिठ्ठी कोण लिहून देतं तुम्हाला?”

“एक गिऱ्हाईक आहे, साहेब,” आई म्हणाली. “त्यांचं अक्षर चांगलं आहे.”

साहेबांकडून शब्दाची चिठ्ठी घेऊन, मुठीत धरून ती माझ्या टेबलाजवळून गेली. जाताना मला म्हणाली, “येते, मॅडम.”

ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं, तिनं मला अहोजाहो केलं. धरणी दुभंगली असती तर मी उडीच घेतली असती.

संध्याकाळी मी घरी लवकर गेले. रडायची, पाय धरायची तयारी करूनच गेले होते. आई भांडी घासत होती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर किती सोपं झालं असतं. मी काही बोलायच्या आतच ती हात पुसत म्हणाली, “ते तुझेच साहेब का गं? मला मेलीला कळलंच नाही. पुढल्या खेपेला मी साधंच बोलेन. पण तू त्यांना सांगू नकोस हं, मी तुझी कोण ते. नवी नोकरी आहे तुझी.”

तीनशेच्या वर शब्द मी तिला लिहून दिले होते. त्या घडीला मला एकच सुचला.

मी म्हणाले, “बरं.”