साहेबांनी फिरवलेला स्क्रू

माझा साडू आखातात नोकरीला होता. सुट्टीवर आला की सासरवाडीला सगळ्यांना बोलावून बॅग उघडायचा. त्या खेपेला मेव्हण्यांना अत्तर मिळालं, सासऱ्यांना ब्लँकेट मिळालं आणि माझ्या हातात त्यानं स्क्रू पिळायचं एक बुटकं, पिस्तुलासारखं मशीन ठेवलं.

"तुमच्याकडं अजून पेचकसच चालतो ना?" त्यानं मोठ्यानं विचारलं. भेट देण्याआधी समोरच्याला गरीब करून घ्यायचं, ही त्याची जुनी रीत.

मी सेनगावात सुतारकाम करायचो. दारं, खिडक्या, पत्र्याची शेडं. दोन हजारनंतरची ती वर्षं, लाइट पाहुण्यासारखी यायची आणि चहा न पिताच जायची. अशा दिवसांत बॅटरीवर चालणारं मशीन म्हणजे चैनच. स्क्रू सैल असेपर्यंत ते गुमान फिरायचं. घट्ट व्हायला लागला की आतली हातोडी कडकड ठोके मारत त्याला आणखी पिळायची. बाभळीच्या चौकटीत ज्या स्क्रूवर मी अख्खी छाती टेकवायचो, तो आता ओल्या मातीत खुंटी जावी तसा जायचा.

मला माज आला. आठवडी बाजारात भाजी घ्यायला जातानाही मशीन कमरेला असायचं. एका म्हाताऱ्यानं मला पोलीस समजून रामराम घातला. मी तो घेतलासुद्धा.

त्याच उन्हाळ्यात औंढ्याच्या वाटेवरच्या एका गावात सभागृहाचे पत्रे बसवायचं काम मला मिळालं. चार दिवसांचं काम मी दीड दिवसात संपवलं. सरपंच खाली खुर्ची टाकून वर बघत बसायचे. त्या कडकडाटानं त्यांच्या डोक्यात एक कल्पना शिरली.

"मिस्तरी, फीत तर समदेच कापतात. आपुन साहेबाच्या हातानं पाटी बसवू. या मशीननं!"

साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. पाटी होती पांढऱ्या संगमरवराची, बोटभर जाडीची. त्यावर साहेबांचं नाव, पद आणि खाली सरपंचांचं नाव कोरलेलं.

"दादा, हे मशीन ठोके मारतंय," मी म्हणालो. "दगडाला शेवटचा पीळ हातानंच द्यावा लागतो. न्हाई तर पाटी तडकते."

"काहून? पत्रा तडकला का? अँगल तडकला का? मग पाटीच काहून तडकंल?"

तरी मी नाही म्हणू शकलो असतो. पण सरपंच पुढं म्हणाले, "तुमी साहेबाच्या बाजूला उभं राहायचं, फोटोत." माझी हरकत तिथंच विरघळली. घरी जाऊन मी शर्टाला इस्त्री केली.

कार्यक्रम सकाळचा होता, साहेब दुपारी आले. पाटीचे तीन कोपरे मी पेचकसानं हलक्या हातानं बसवून ठेवले होते. चौथा स्क्रू अर्धा फिरवून तयार ठेवला होता. मशीन साहेबांच्या हातात देताना मी हळूच म्हणालो, "साहेब, खटका दाबायचा, आन् कडकड आवाज आला की लगेच सोडायचा."

"मला शिकवून राहिला का? किती उद्घाटनं केली आमी!"

साहेबांनी फोटोवाल्याकडं बघून स्मित केलं आणि खटका दाबला. कडकडकड! लोकांना वाटलं, झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं, टाळ्या आपल्यालाच; त्यांनी आणखी जोर लावला.

"साहेब, सोडा. साहेब, सोडा!"

कट्ट असा आवाज आला. कोपऱ्यातून निघालेली चीर साहेबांच्या नावाखालून आडवी गेली आणि खालचा तुकडा हलके बसवलेले स्क्रू घेऊनच फरशीवर पडून फुटला. साहेबांचं नाव भिंतीवर राहिलं, पद खाली गेलं. सोबत सरपंचही गेले.

पुढं बसलेली एक म्हातारी मोकळेपणानं म्हणाली, "गेलं की गं पद!"

मांडवात हसू पसरायच्या आत सरपंचांनी माइक ओढला. "मिस्तरीच्या चुकीमुळं साहेबांना तकलीफ झाली, त्याबद्दल गाव माफी मागतंय."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. गरीब माणूस हाय, होतं."

त्यांच्या चुकीबद्दल त्यांनी मला माफ केलं. आणि मी? "मला वाटलं तसंच झालं," हे शब्द तोंडात तयार होते. पण बाहेर आलं, "चुकलं साहेब." तेवढ्यात फोटो निघाला. त्यात माझी मान खाली आहे, शर्टाची इस्त्री मात्र छान आली आहे. पाटीचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दोन शब्दांचं अजून वाटतं.

पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. लोक म्हणायला लागले, मिस्तरीच्या मशीननं पाडले. विरोधी पार्टीचा एक कार्यकर्ता तर शकुन म्हणून माझ्या हाताला हात लावून गेला. मी मशीन पिशवीत घालून माळ्यावर टाकलं.

ते बायकोनं काढलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "तुमची जीभ का माळ्यावर हुती?" मग शेळ्यांच्या गोठ्याचं दार, जे मी तीन वर्षं उद्या करतो म्हणत होतो, तिनं एका सकाळी बसवलं. पहिले दोन स्क्रू वाकडे गेले. तिसऱ्यापासून आवाज बदलायच्या क्षणाला बरोबर तिचं बोट उठायला लागलं. मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो. तिनं एकही ऐकली नाही, म्हणून दार नीट बसलं.

महिन्याभरात गल्लीतल्या बाया दाराशी यायला लागल्या. "बाई हायेत का? कडी बसवायची हुती."

"मी हाये ना," मी म्हणायचो.

"राहू द्या, भाऊ. त्या आल्या की येते."