देवी हसली तो कौल

बांधावरून आम्ही अर्धी वाट चालून आलो होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालवांची शेतं, आणि दोन्हींवर एकच धुकं. पुढे सिउ-ग्वेत मावशींची बांबूची टोपी. कधी ती दिसायची, कधी नुसताच आवाज यायचा.

"दमलीस का गं?"

"नाही, मावशी."

"मग पाय उचल. पलीकडची वाडी राहिलीय."

आमच्या या तैवानच्या बंदरात सगळे माझू या समुद्रदेवीचे भक्त. मावशी तर रोज सकाळी तिच्यापुढे चहा ठेवणाऱ्या. पण हल्ली त्या दुसऱ्याच देवासाठी दारोदार हिंडत होत्या. बोटींवरच्या इंडोनेशियन पोरांनी नमाजाला जुनं बर्फघर मागितलं होतं. नगरपालिकेनं कळवलं, रविवारी सभेला या, ज्याला जे वाटतं ते बोला. नको म्हणणारे तयारीत होते. बाकीचे गप्प.

मावशींचे यजमान समुद्रातच छातीत कळ येऊन गेले. बोटीवर त्या पोरांपैकी सुगेंग होता. त्यानं त्यांना आपल्या नमाजाच्या चटईत गुंडाळून घरी आणलं. मावशींनी चटई धुऊन, उन्हात वाळवून त्याला परत दिली. ती तो जाळ्यांच्या खोपटात, माशांच्या वासात अंथरतो. मावशींना तेवढं बघवत नव्हतं.

वाडीत बायका दारात कालवं फोडत बसल्या होत्या. शिंपल्यांचे ढीग धुक्यात ढगांसारखे दिसत होते.

"आली बघा पुढारीण," बी-लान म्हणाली.

"रविवारी येतेस का ते सांग."

"आम्ही कशाला, ग्वेतताई? देवळाच्या प्रमुखांनी देवीला कौल लावलाय. ती सांगेल ते."

"मग काय म्हणाली?"

बी-लानची सुरी थांबली. कौलाच्या दोन लाकडी फाका असतात. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या पडल्या तर नाही.

"दोन्ही उताण्या पडल्या. परत टाकल्या, परत उताण्या."

म्हणजे हो-नाही काहीच न सांगता देवी नुसती हसली होती.

"हसेल नाही तर काय," मावशी तिच्याशेजारी टेकल्या. "विचारलंय तुम्हाला, आणि तुम्ही पाठवता तिच्याकडे. रात्री भाजी काय करू, तेही तिलाच विचारा."

बायका खुदखुदल्या.

"पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उभं राहून बोलायचं म्हणजे..."

"नको वाटत असेल तर नको म्हण. पण तुझ्या तोंडानं म्हण."

बी-लान पुन्हा कालवं फोडू लागली. आम्ही बांधाला लागलो तेव्हा मागून तिचा आवाज आला, "सभा किती वाजता?"

मावशींनी वेळ सांगितली. पाण्यावर कुणाची तरी होडी तरंगत होती, की धुकंच होतं, कळेना. पुढची टोपी थांबली.

"मी पहिली उभी राहिले तर म्हणतील, हिचा त्या पोरावर जीव आहे. माझं ऐकणार नाहीत."

मीही बाहेरचीच. लग्न होऊन इथे आले, इथली नागरिक झाले. माझा गणपती अजून स्वयंपाकघराच्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे आहे. सासूबाईंनी कधी हटकलं नाही, मीही तो बाहेर मांडू का, असं कधी विचारलं नाही. एकदा मी तांदूळ काढताना मावशींना तो दिसला होता. त्यांनी पिशवीतलं एक संत्रं काढून गुपचूप त्याच्यापुढे ठेवलं आणि कपाटाचं दार लोटून घेतलं.

"तू आधी बोल," त्या म्हणाल्या. "सुगेंगचं मी नंतर सांगेन. तू फक्त तुझा देव कपाटात का आहे, ते सांग."