चुडीवाली खाला आणि लंबीबाई

चुडीवाली खाला दर शुक्रवारी टॉकीजला जायची आणि सिनेमा सुरू झाला की उठून घरी यायची. पडद्यावर नट-नट्यांची नावं यायला लागली, बाजा वाजला, की ही बाई पदर सावरत, बायकांच्या गुडघ्यांना धक्के देत थेट बाहेर. दारावरचा माणूस पहिल्यांदा घाबरला होता म्हणे. त्याला वाटलं, हिला भोवळ आली. "खाला, तब्येत बरी नाई काय?" असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "माही तब्येत फस्क्लास हाय. माहा पिक्चर संपला. आता तुमचा तुमी पाहा."

तिचा पिक्चर म्हणजे मुख्य सिनेमाच्या आधी लागणारं कार्टून. आणीबाणी उठली त्या सुमाराची ही गोष्ट. मंगरूळपीर तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि टीव्ही नावाची वस्तू आम्ही फक्त ऐकून होतो. टॉकीजच्या शेटजींनी कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीकडून परदेशी कार्टूनच्या रिळांची एक अख्खी पेटी उचलली होती. प्रत्येक रीळ म्हणजे एक छोटी गोष्ट, आणि सगळ्या गोष्टींत पात्रं तीच दोन. एक निळा झगा घातलेली शहामृगीण आणि तिच्या घरात भाड्यानं राहणारं एक साळिंदर. दोघं कोणत्या भाषेत बोलत, हे गावात कोणालाच कळत नव्हतं. शेटजी दर शुक्रवारी एक रीळ लावायचे. शहामृग आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. खालानं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "कोंबडी हाय. कोनी तरी वढून लांब केली." तिनंच मग तिचं नाव लंबीबाई ठेवलं, साळिंदराचं काटेराव, आणि गावानं ती नावं बिनतक्रार उचलली.

माझी आणि तिची ओळख झाली ती माझ्या लग्नानंतर महिन्या-दोन महिन्यांनी. मी शिरपूरजवळच्या खेड्यातली. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई वाईट नव्हत्या, पण कमी बोलायच्या, आणि मला तर दिवसभर आईची आठवण. एका दुपारी खाला डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ओसरीवर आली. माझा हात हातात घेतला, पंजा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हात ढिला सोड व पोरी. हात कडक ठेवला का चुडी फुटते. तू तं अख्खीच कडक होऊन बसली." मी रडायलाच लागले.

दुसरी कोणी असती तर समजूत घालायला लागली असती. खालानं टोपली बाजूला सरकवली आणि विचारलं, "तुले लंबीबाई म्हाईत हाय काय?" मी म्हटलं, नाही. कोणी जेवलं नाही म्हटल्यावर बायकांचा चेहरा होतो, तसा तिचा झाला. "अल्ला! मंगरुळात राह्यते अन् लंबीबाई म्हाईत नाई?" आणि ती उठलीच. साठीला टेकलेली, चांगली भरल्या अंगाची बाई. तिनं मान अशी काही ताणली, की मला खरंच ती वीतभर वाढल्यासारखी वाटली. मग ती ओसरीभर ढांगा टाकत चालली, माझ्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर नसलेला केर झाडला, दाराआड जाऊन एकदम गोल होऊन काटेराव झाली, चिखलाचे पाय घेऊन आत आली, परत लंबीबाई होऊन स्वतःवरच किंचाळली. किंचाळणं त्या परदेशी भाषेत. म्हणजे खालाला ती भाषा जशी ऐकू आली होती तशी: "फुर्तक बुर्तक श्निया!"

मी हसले. लग्नानंतर पहिल्यांदा. हसता हसता उचकी लागली. सासूबाई आतून धावत आल्या, त्यांना वाटलं मला काही चावलं. "काय झालं व?" त्यांनी विचारलं. "काई नाई वैनी," खाला बसत म्हणाली. "पोरीले शुक्रवारी माह्यासंग पाठवा. दवाईच समजा."

सासूबाईंना हे पटलं नाही. "चितरातली कोंबडी पाहाले टॉकीजात कायले जा लागते? आपल्या घरामांग काय कोंबड्या कमी हायेत?" असं त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. पण ह्यांनी परवानगी दिली आणि मी गेले.

बायकांची जागा पडद्याच्या डाव्या हाताला, मधे तरटाचा आडोसा. दिवे गेले की तो आडोसा बाजूला सारायचा. खाला पहिल्या रांगेत बसायची आणि अंधार झाल्याबरोबर हसायला लागायची. अजून काही सुरू झालेलं नसायचं. "आता काहून हसून राह्यल्या?" मी विचारलं. म्हणाली, "मंग टाइम भेटत नाई." आणि खरंच होतं ते. रीळ सुरू झालं आणि मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. लंबीबाईनं पाहुण्यांसाठी केक केलेला, काटेरावाला शिंक आलेली, अंगावरचे सगळे काटे सुटून केकमध्ये, गादीत, लंबीबाईच्या झग्यात, पाहुण्याच्या टोपीत. आणि या सगळ्यावर खालाचा आवाज चढत गेलेला. पडद्यावर कोणी तोंड उघडलं की खाला त्याचं बोलणं वऱ्हाडीत करून सांगायची, तेही मोठ्यानं, अख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल असं. "काटेराव, तुमाले कितीदा सांगतलं, शिंकाचं आसन तं बाहेर जाऊन शिंका! माह्या माहेरची गादी व्हय ते!" काटेरावासाठी ती आवाज बारीक करायची. "बाई, शिंक काय इचारून येते?"

बाहेर पडल्यावर खालानं मला थांबवलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "तू कोनाकडची?" म्हणजे लंबीबाईकडची की काटेरावाकडची. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी भोळेपणानं म्हणाले, काटेराव बिचारा गरीब आहे. खाला वाटभर माझ्याशी बोलली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र म्हणाली, "नवीन हायेस. शिकशीन."

मी शिकले नाही, काटेरावाकडचीच राहिले, पण वेडी मात्र पुरती झाले. गुरुवारपासून माझं लक्ष उडायचं. भाजी करताना मी लंबीबाईसारखी मान ताणून चुलीत पाहायचे. गावात तर दोन पक्षच पडले होते. शिंप्याकडे लेकींसाठी निळ्या झग्याची मागणी सुरू झाली. खालाच्या टोपलीत निळ्या बांगड्या आल्या, त्यांना ती 'लंबीबाई' म्हणूनच विकायची, आणि काटेरावाकडच्या बायकांना आधी थोडं झुलवायची. तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी मी तयार होऊन ओसरीवर आले तर सासूबाई धुवट लुगडं नेसून आधीच उभ्या. "एकटी बाई जाते, बरं दिसत नाई," एवढंच म्हणाल्या. टॉकीजात त्या काही हसल्या नाहीत. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हलत होत्या. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या लंबीबाईकडच्या.

भाषेवरून पुरुषांत वाद चालायचे. आमचे हे म्हणत, रशियन. पोस्टातले एकजण म्हणत, जर्मन. खालाला विचारलं तर म्हणाली, "थे दोघं भांडून राह्यले ना? भांडन समजाले भाषा कायले पाह्यजे? माहा नवरा मुका होता का? तरी मले त्याचं काईच समजे नाई." नवरा तिचा फार वर्षांपूर्वी गेला होता. टोपली घेऊन घरोघर फिरून तिनं एकुलत्या एका मुलाला वाढवलं. तो कारंज्याला धान्याच्या बाजारात चांगला स्थिरावला होता. आईनं टोपली खाली ठेवावी आणि कारंज्याला यावं, असा त्याचा धोशा असायचा. टॉकीजचं त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो तावातावानं आला. मी तेव्हा तिच्याकडेच बसले होते. "अम्मी, लोक तुले पाहून हसून राह्यले," तो म्हणाला. "मले पाहून नाई, मले आयकून हसतेत," खाला म्हणाली. "तू ये ना शुक्रवारी." तो आला नाही. चहा न पिता गेला. खाला त्याचा कप कितीतरी वेळ हातात धरून बसली होती.

त्याच सुमाराला बाल्कनीतल्या काही मंडळींनी शेटजींकडे तक्रार केली, की बाईच्या आवाजात कार्टून ऐकू येत नाही. त्यातला एकही शब्द ज्यांना कळत नव्हता त्यांना तो ऐकू येत नव्हता! पण शेटजी घाबरट माणूस. त्यांनी खालाला निरोप पाठवला, पाहा पण बोलू नका.

त्या शुक्रवारी खाला आली, पहिल्या रांगेत बसली आणि तोंडाला पदर लावला. दिवे गेले. ती हसली नाही. रीळ सुरू झालं. काटेराव शिडीवर चढला, शिडी मोडली, रंगाचा डबा लंबीबाईच्या डोक्यात बसला. कोणी हसलं नाही. पोरंसुद्धा गप्प. लंबीबाई डब्यातून काहीतरी लांबलचक बोलली आणि मागे पुरुषांच्या बाजूनं आवाज आला, "खाला, काय म्हनते वो ते?"

दुसरा आवाज, "खाला, बोला ना!" तेव्हा ती न उठता, शांतपणे म्हणाली, "मले बोलाची मनाई हाय."

मग जे झालं ते मंगरुळात पुन्हा झालं नसेल. पत्र्याच्या छपराला हादरे बसतील अशा शिट्ट्या, बाकांवर थापा. "खाला! खाला!" आणि माझ्या शेजारी, कधी कोणाशी चढ्या आवाजात न बोललेल्या माझ्या सासूबाई उभ्या राहून ओरडत होत्या, "कोन मना करते? समोर आना त्याले!" रीळ थांबलं, दिवे लागले. शेटजी घाम पुसत आले आणि त्यांनी खालासमोर हात जोडले. सिनेमाची जाहिरात करत टांगा गावभर फिरायचा, त्यातला माइक आणून तिच्या हातात दिला. खालानं माइक उलटा-पालटा करून पाहिला, त्यात फुंकर मारली. स्वतःची फुंकर चारी भिंतींतून ऐकून ती दचकली, आणि मग तिला हसू फुटलं. ते हसू माइकमधून बाहेर आलं तसं अख्खं टॉकीज फुटलं. "पयल्यापासून लावा," खालानं फर्मावलं. रीळ पहिल्यापासून लागलं. बाल्कनीतली मंडळीही त्या दिवशी पोट धरून हसत होती, मी वळून पाहिलं होतं.

त्यानंतर पावसाळाभर तिचं राज्य होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून लोक यायचे.

शेवटी रिळांची पेटी संपली. शेवटच्या रिळात लंबीबाई खरोखरच संतापते आणि काटेरावाला पेटी-अंथरुणासकट घराबाहेर काढते. दार बंद होतं. काटेराव अंगणात उभा. बर्फ पडायला लागतो. आणि तिथंच रीळ तुटलेलं होतं. पडदा पांढराफटक. टॉकीजात एक 'आं?' असा आवाज झाला. ऑपरेटर दिवे लावणार, तेवढ्यात माइकमधून खालाचा आवाज आला. "आतमंदी लंबीबाईनं दोन ताटं वाढली. एक वाढाचं होतं, पन हात आयकेना. मंग तिनं खिडकीतून पाह्यलं, तं काटेराव पायरीवर बसून तिच्याच झग्याचा फाटका काठ शिवून राह्यला. सुई म्हनान तं सोताच्या आंगातलाच काटा." त्या कोऱ्या पडद्याकडे आम्ही सगळे टक लावून बसलो होतो. खाला सांगत राहिली. लंबीबाईनं दार उघडलं, आणि उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलली असेल? "पाय पुसून ये मेल्या!" टाळ्या थांबेनात. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अशीच हाय ते. तोंडाची फाटकी, मनाची चांगली."

दिवाळीनंतर खालाचे गुडघे धरले आणि मुलगा तिला घेऊन गेला. एसटी स्टँडवर आम्ही सोडायला गेलो. खिडकीतून तिनं माझा हात ओढून घेतला आणि बांगड्या गोल फिरवून पाहिल्या. "फुटतीन तवा कारंज्याले ये," म्हणाली. मी दोनदा गेले. मग मुलं, बदल्या, संसार. पत्र घालायचं तर तिला वाचता येत नव्हतं.

ती गेल्याचं कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी आणि सासूबाई कारंज्याला गेलो. वाटलं होतं, आपण दोघीच असू. आतल्या खोलीत मंगरुळच्या बायका आधीच बसलेल्या. शिंप्याची बायको, शेटजींच्या सूनबाई, ज्यांची नावं मला कधीच माहीत नव्हती अशा कितीतरी. सुरुवातीला सगळ्या पदर डोळ्यांना लावून होत्या. मग शिंप्याच्या बायकोला काय आठवलं कोण जाणे, ती नुसतीच खुदकन हसली. तिच्याकडे पाहून दुसरी. हसू दाबता दाबता आमची खोली हलायला लागली.

दारात तिचा मुलगा येऊन उभा राहिला. आम्ही सगळ्या गप्प झालो, लाजेनं मेल्यासारख्या. त्याच्या दाढीत आता पांढरे केस होते. तो काही रागावला नाही. चप्पल काढून आत आला आणि उंबऱ्याजवळ, जमिनीवर, बसला.

"अम्मी तिथं काय सांगे वो?" तो म्हणाला. "मी कधी आलोच नाई."

आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो.